दोन्ही हात हँडलवर

चाळिशी ओलांडलेली बाई स्कूटीवरून पडते ती बहुतेक वेळा डावीकडं. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि पडलेल्या बायकांना माझ्या हातांनी उचललंय. कळंबच्या मोंढ्यात मी बायकांना दुचाकी शिकवते. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी ते एवढं मोठं आवार मोकळं पडलेलं असतं. तेच माझं मैदान, तीच माझी शाळा.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला फोनवर सांगितलं की, उशिरा यश मिळवलेल्या बायकांविषयी लिहा. मी म्हटलं, यशाचं मला नीट सांगता यायचं नाही, पडण्याचं मात्र सांगता येईल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तेच लिहा. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी माझं थोडं सांगते. आमची मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिची स्कूटी घरी राहिली. अंगणात एक जुनी चादर पांघरून ती गाडी उभी असायची आणि मी रोज तिच्याभोवतीनं झाडून घ्यायचे. माझं वय तेव्हा शेहेचाळीस. झाडून झाडून कंटाळा आला आणि एक दिवस चादरच काढली. आमचे हे मोंढ्यातल्या एका अडत दुकानात मुनीम होते. त्यांना सांगितलं, मला ही चालवायचीय. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "चालव की. पण पडायचं असलं तर मोंढ्यात येऊन पड. तिथं पोत्यांवर पडशील, मऊ लागेल." माणूस चेष्टेखोर, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवाराची परवानगी काढून तेच पुढं उभे होते.

पोत्यांवर पडले, फरशीवर पडले, एकदा तर हरभऱ्याच्या ढिगात अशी रुतले की, पदर झटकला तरी घरी जाईपर्यंत दाणे गळत होते. हमाल आधी हसले. मग हसायचं सोडून मागनं गाडी धरायला लागले. महिनाभरानं मी भाजी आणायला एकटी गेले आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी ह्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

धंद्यात आणलं ते सय्यदभाईंनी. त्यांची मोटार शिकवायची शाळा होती. स्कूटी शिकायची म्हणून बायका त्यांच्याकडं येऊन विचारायच्या आणि भाई त्यांना परत पाठवायचे. एके दिवशी ते आमच्या दारात येऊन बसले.

"बाजी, बाईमाणसाची गाडी मागनं म्या कशी धरू? आन् न धरता शिकवू कशी? तुमी या आमच्या इस्कुलात."

मी म्हटलं, "भाई, मी कुठं शिकलेली आहे? आत्ता कुठं चालवायला लागले."

"तुमी पडल्यात का न्हाय चार डाव?"

"चार? त्याच्या कितीतरी जास्त."

"मग झाल्या की शिकून! ज्याला पडायचं ठावं न्हाय, त्यो काय शिकवणार?"

अशी मी मास्तरीण झाले. पुढं रीतसर कागदपत्रं झाली, हाताशी शिकवायच्या गाड्या आल्या, आणि 'स्कूटीवाल्या रत्नाताई' हे माझं नाव पडलं. आज कळंबच्या रस्त्यावरून जाताना समोरून येणाऱ्या दोन-तीन गाड्यांपैकी एखादी तरी माझ्या हाताखालची असते. ती बाई हॉर्न वाजवते, मी मान डोलावते. हात मी सोडत नाही आणि तिलाही सोडू देत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात शिकवायचं काय? कान पिळला की गाडी चालते. खरंय. चालवणं सोपंच आहे, अवघड आहे ते बाकीचं. माझ्याकडं पहिल्या दिवशी इंजिन सुरूच होत नाही. आधी स्टँडवरून काढायची, परत लावायची, हाताला धरून आवारभर फिरवायची. उभी गाडी जड लागते आणि चालती हलकी, हे अंगाला कळावं लागतं, तोंडानं सांगून उपयोग नसतो. मग उतारावर बसून पाय टेकत टेकत सोडायची. मग थांबायचं. थांबता आल्याशिवाय मी कुणाला निघू देत नाही. हा नियम मला जुबेदाआपांनी घालून दिला.

जुबेदाआपा बांगड्या विकायच्या. सगळा आठवडा या बाजारातून त्या बाजारात, डोक्यावर पेटी, एसटीची वाट बघणं. पन्नाशीला त्यांच्या मनानं घेतलं की, गाडी घ्यायची आणि पेटी मागं बांधायची. तेव्हा मीही नवीन होते, आधी निघायचं शिकवायची आणि थांबायचं नंतर. आपा निघाल्या त्या अशा निघाल्या की, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाराला एक फेरा घातला, दुसरा घातला, तिसऱ्या फेऱ्याला माझ्याजवळून जाताना ओरडल्या, "बाजी, हिला थांबवायची कशी, ते तर सांगा!" मी मागं पळतेय, ब्रेक म्हणतेय, आपा म्हणतायत, "पुढच्या फेऱ्याला सांगा!" शेवटी त्यांनी स्वतःच रिकाम्या बारदानाचा ढीग हेरला, सरळ त्यात गाडी घातली, आणि उठून बुरखा झटकत म्हणाल्या, "ये भी एक ब्रेकच है." आज त्यांच्या गाडीच्या आवाजावर गावोगावच्या पोरी हात धुऊन बांगड्या भरायला बसतात.

इतकी वर्षं शिकवून एक गोष्ट ध्यानात आली. तरुण पोरी चटकन शिकतात, पण निम्मं लक्ष फोनमध्ये. मोठ्या वयाची बाई सावकाश शिकते, पण ती ठरवून आलेली असते. घरात चार जणांशी बोलून, दोघांशी भांडून आणि एकाला न सांगता ती आलेली असते. तिला मागं फिरायचं नसतं. आणि तिची चूक अडाणीपणाची नसते, सवयीची असते. तिला नवीन फार थोडं शिकवावं लागतं, जुनं मात्र हातातून सोडवावं लागतं. आता चाकाकडं बघत चालवायची सवयच बघा. जन्मभर खाली बघून चाललेली बाई गाडीवरसुद्धा खालीच बघते आणि जिथं बघेल तिथंच जाते. 'वर बघा, लांब बघा' हे मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते की, झोपेतही बडबडते असं आमचे हे म्हणतात.

सगळ्या काही पार झाल्या नाहीत. एक बाई फार सुंदर चालवायच्या, हातात गाडी अगदी खेळायची. शिकून झाल्यावर मुलानं म्हणे किल्ली आपल्याकडं ठेवली. "आई, तुला कुठं जायचंय ते सांग, मी सोडतो की." प्रेमानंच म्हणाला. आता त्या मुलाच्या मागं बसून बाजारात येतात. मी दिसले की दुसरीकडं बघतात. त्यांच्यासाठी मी काही करू शकले नाही, याची खंत मला आहे आणि राहील.

पण मला सांगायचंय ते विमलचं.

विमलचं गाव कळंबपासून जवळच आहे. नाव सांगत नाही, कारण ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते अजून गावच्या पारावर बसतात आणि अंक कुणीतरी वाचून दाखवेलच. माझ्याकडं आली तेव्हा विमल एकावन्न वर्षांची होती. लेकीबाळींची लग्नं झालेली, घरी नवरा, सासरे आणि शेळ्या. आमच्या भागातली शेळी तुम्हाला माहीत असेल, काळी, लांब कानांची, लांबलांबचे लोक येऊन घेऊन जातात. विमलला शेळीचं सगळं कळायचं. म्हणून बचत गटातून तिला पशुसखी म्हणून निवडलं होतं. पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्यांची देखभाल करणारी, जंत-खरूज बघणारी, आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली लस टोचणारी बाई. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या नावावर काम मिळालं होतं, तेही तिच्या सगळ्यात आवडीचं.

अडचण एकच होती. आपल्या गावासह आजूबाजूची पाच गावं तिच्याकडं होती आणि लस बर्फाच्या डब्यात न्यावी लागते. एसटीची वाट बघत बसलं तर बर्फाचं पाणी होतं आणि लस वाया जाते. वरून तिला स्पष्ट सांगितलं होतं की, पावसाळ्याआधीची लस सुरू होईपर्यंत स्वतःच्या गाडीची सोय झाली तर ठीक, नाहीतर ती गावं गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या पोरीला द्यावी लागतील.

"ताई, म्या पडंन, झडंन, पन मला ही गावं सोडायची न्हाईत," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "शेळ्या मला वळखत्यात."

अशी विद्यार्थिनी मिळणं हे मास्तरणीचं नशीब. काटक बाई, शेळ्यांमागं माळ तुडवलेली, तोल तर रक्तातच. आठवड्यातच सरळ चालवायला लागली. लायसनच्या परीक्षेला जमिनीवर आठाचा आकडा काढलेला असतो, त्यावरून पाय न टेकता जायचं असतं. भले भले तिथं घाम पुसतात. विमल त्यावरून अशी गेली की, साहेबांनी "पुन्हा एकदा जाऊन दाखवा" म्हटलं, केवळ बघायला बरं वाटलं म्हणून. नवऱ्यानं एक जुनी गाडी घेऊन दिली. मी ह्यांना म्हटलं, ही माझी सगळ्यात पक्की विद्यार्थिनी.

आणि ती गावात शिरताना पडली. डावीकडंच. पुन्हा चार दिवसांनी पडली, त्याच जागी. आणखी एकदा पडली तेव्हा गाडीचा आरसा गेला, गुडघा फुटला आणि लसीच्या डब्याचं झाकण तडकलं. नशीब, डबा रिकामा होता. घरचे म्हणाले, आता पुरे. नवऱ्यानं गाडी गोठ्यात नेऊन लावली.

मला काही उमजेना. मोंढ्यात जी बाई आठ काढते ती सपाट रस्त्यावर का पडावी? मी तिच्या गावाला गेले, म्हटलं चल, गाडी काढ, मी मागनं येते. गावाबाहेर बेताबेतानं छान चालवत होती. गावाच्या तोंडाशी वळण आहे. वळून आत आलं की उजव्या हाताला वडाचा पार, त्यावर गावातली म्हातारी माणसं बसलेली. त्यात मधोमध पांढऱ्या पटक्यात विमलचे सासरे, तात्या. पार दिसला आणि विमलचा उजवा हात हँडल सोडून डोक्यावरच्या पदराला गेला.

झालं. उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो. तो सुटला की गाडी एकदम मंदावते. डावा हात भीतीनं तेवढा घट्ट होतो, हँडल डावीकडं ओढलं जातं, आणि बाई गाडीसकट नालीत. इतक्या वर्षांत डावीकडं पडलेल्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांपुढून सरकल्या. खड्डा होता, कुत्रं आडवं आलं, असं त्या सांगायच्या. खड्डा नव्हता आणि कुत्रंही नव्हतं. कुणाचे सासरे, कुणाचे थोरले दीर, कुणाचे गुरुजी समोरून आलेले असणार. मोंढ्यात माझ्या आवारात सासरे नसतात, म्हणून तिथं अशी कुणी पडत नाही. मला माझाच राग आला. मी आठ काढायला शिकवत होते आणि खरी परीक्षा पारावर बसलेली होती.

उपाय सोपा वाटला. मी तिचा पदर डोक्यावर घेऊन पिना लावल्या आणि वर हेल्मेट घातलं. आता पदर पडायचा प्रश्नच नाही. तरी मोंढ्याच्या फाटकाशी एक म्हातारे अडते समोर आले आणि तिचा हात वर गेला तो हेल्मेटवर आपटला. गाडी पोत्याला टेकली म्हणून वाचली. उतरून ती कपाळाला हात लावून बसली.

"पदर हाय, वरून ही घागर हाय. तरी हात गेला, ताई. म्या न्हाय नेला, त्यो आपला आपन गेला."

मला भडभडून आलं. तीस वर्षं तो हात माणूस दिसलं की वर गेलेला होता. त्याला कापडाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

मग मी एक सासरा नेमला. मोंढ्यात गणपतबाप्पा म्हणून एक जुने हमाल होते, वयानं काम सुटलेलं, पण सकाळी येऊन बसल्याशिवाय चैन पडायचं नाही. उंच, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. त्यांना म्हटलं, बाप्पा, तुम्ही फक्त त्या ओट्यावर बसायचं आणि बायका गेल्या की त्यांच्याकडं बघायचं. बाप्पांनी ते काम फार मनावर घेतलं. बायको जिवंत असती तर तिचीही सून आणायची हौस फिटली असती, असं म्हणायचे. पहिल्या दिवशी नुसते बसले. दुसऱ्या दिवशी खाकरायला लागले. तिसऱ्या दिवशी विमल जवळून गेली तशी काठी आपटून गरजले, "कुनाची गं सून तू? कुठं चाललीस?" विमलच काय, मागच्या गाडीवरची बाईही पडली. बाप्पांना जरा कमी सासरेपणा करा म्हणून सांगावं लागलं. आमचे हे म्हणाले, "बाकी बायकांना सासरे आयते मिळतात. तुझ्या शाळेत भरती करावे लागतात."

पण उपयोग झाला. 'सासऱ्याची फेरी' अजूनही माझ्याकडं शिकवण्याचा भाग आहे. बाप्पा आता नाहीत, त्यांच्या जागी आमचे हे बसतात, आणि तेवढा धाक त्यांना जमत नाही. विमल रोज त्या ओट्यापुढून जायची. आधी हात वर जायचा, मग अर्ध्यातून परत यायचा, मग नुसती बोटं उचलायची. शेवटी तेही थांबलं. मी खूश झाले. तीच म्हणाली, "ताई, बाप्पा काय खरं मामा न्हाईत." सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

लस सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. मी तात्यांना भेटायला गेले. मनात ठरवून गेले होते की, म्हाताऱ्याला चार गोष्टी सुनवायच्या. पाराजवळ गाडी लावली, उतरले, आणि बघते तर माझाच हात माझ्या डोक्यावर. बासष्ट वर्षांची मी, इतक्या बायकांची मास्तरीण. तोरा तिथंच निम्मा उतरला.

तात्यांनी मला बसायला जागा दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, म्या तिला कदी म्हणलो का, पदर घे म्हून?"

"नसाल म्हणाला. पण आता 'घेऊ नको' असं तरी सांगा."

"सांगितलं की. लई डाव सांगितलं. पोरी, हात सोडू नगं, पदर न्हाय घेतला तर काय आभाळ कोसळत न्हाय. ती 'व्हय मामा' म्हणती." तात्यांनी डोक्यावर हात नेऊन दाखवला. "आन् 'व्हय मामा' म्हणताना बी पदर घेती!"

पारावरचे सगळे हसले. मीही हसले. तात्या हसले नाहीत.

"शेळीचं सगळं तिला म्या शिकवलंय," ते हळू म्हणाले. "नवी नवरी होती तवापासनं. कान कसा धरला म्हंजी ताप हाय, लेंडी कशी पडली म्हंजी पोट बिघडलंय. एवढं आमच्या पोरालाबी येत न्हाय. पदराचं म्या न्हाय शिकवलं, ते ती माहेरनं घिऊनच आली. आता तिला काम मिळालंय तर ते माझ्यापायी जातंय व्हय?" काठी पुढं ओढून घेत ते म्हणाले, "म्या पारावर बसायचं सोडू? घरात बसलो तर आजारी पडलो म्हून अख्खं गाव भेटाया येईल. आन् तिच्या जिवाला लागंल की, आपल्यापायी मामा घरात कोंडून बसल्याती."

मी हाताला शिकवते. हात जिथून हलतो ती जागा माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. चहा घेतला आणि परत आले. येताना पहिल्यांदा वाटलं की, ही विद्यार्थिनी आपल्या हातून जाणार.

लसीचा दिवस उजाडला. विमलनं गाडी गोठ्यातून काढली होती. घरात काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कळंबच्या जनावरांच्या दवाखान्यातून आम्ही दोघींनी बर्फाचा डबा घेतला, तिच्या गाडीवर पुढं पायाशी नीट बांधला. आधी तिचंच गाव करायचं होतं. डॉक्टर तिकडंच येणार होते. डबा पडला तर त्या दिवसाची लस गेली आणि तिच्याबरोबर ती पाच गावंही गेली, हे आम्हाला दोघींना माहीत होतं. मी म्हटलं, "मी पुढं जाते, पाराशी थांबते." पडलीस तर उचलायला, हे म्हटलं नाही. तिला ते कळलं.

पारावर नेहमीची मंडळी होती. तात्या मधोमध, काठी गुडघ्याशी. मी गाडी कडेला लावून नालीच्या बाजूला उभी राहिले, म्हणजे डबा कलला तर झेलता येईल असा वेडा हिशोब मनात होता. बायकांच्या परीक्षा मी ढिगानं पाहिल्यात, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

वळणाआड हॉर्न वाजला. वळणावर हॉर्न द्यायचा, हे मीच शिकवलेलं.

तात्यांनी मान वर केली. काठी टेकली, दोन्ही पाय पारावर घेतले, आणि बसल्या बसल्या हळूहळू फिरले. रस्त्याकडं पाठ, वडाच्या बुंध्याकडं तोंड.

"तात्या, काय झालं वं?" शेजारच्यानं विचारलं.

"फिरा."

"आँ?"

"फिरा म्हन्तो ना! समदे फिरा!"

एकानं बिडी विझवली, एकानं गुडघा धरून कण्हत पाय वर घेतले, एक जण आधी उलट्याच दिशेला फिरला आणि त्याला धरून फिरवावं लागलं. बघता बघता अख्ख्या पाराची पाठ रस्त्याकडं झाली. आठवलं की मला आजही रडू येतं आणि हसूही येतं.

विमल वळणावरून आत आली. पार दिसला तशी तिच्या उजव्या हाताची बोटं मुठीवरून सुटलेली मला दिसली. मग तिला त्या पाठी दिसल्या असाव्यात. पांढरे पटके, वाकलेल्या माना, आणि एकाचंही तोंड तिच्याकडं नाही. तिची बोटं परत मुठीवर बसली. तिनं नजर वर उचलली, लांब बघितलं, जसं मी सांगितलं होतं तसं, आणि डबा तसूभरही न हलता ती माझ्यापुढून गावच्या शाळेच्या दिशेनं निघून गेली. तिकडं बायका शेळ्या घेऊन थांबल्या होत्या.

पारावर कुणी हललं नाही. रस्त्याकडं तोंड असलेली तिथं मी एकटीच होते.

"गेली का?" तात्यांनी वडाकडं बघतच विचारलं.

"गेली, मामा."

"दोन्ही हात?"

"दोन्ही."

तात्यांनी एकदा नाक ओढलं, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

"मग फिरा आता," ते म्हणाले.